आमीच सोलायचा आणि आमीच विकत घ्यायचा? वेंगुर्ल्याकडच्या एका काजू युनिटचं प्रकरण

हे प्रकरण मी तीन चतुर्थ्या जवळून बघितलंय आणि त्यातला जो कागद सगळ्यात जास्त लोकांच्या मनाला लागला तो माझ्याच कॉम्प्युटरवर टाईप झालेला आहे, म्हणून एकदा पूर्ण लिहून काढतोय. मी कुडाळला अकाऊंट आणि जीएसटीची कामं करतो. माझ्याकडे वेंगुर्ला तालुक्यातलं एक काजू प्रोसेसिंग युनिट आहे, नाव लिहीत नाही, त्या माणसांना रोज एकमेकांची तोंडं बघायची आहेत. आठवड्यातून दोनदा तिकडे जातो. सगळे मिळून ३४ जण कामाला, त्यातल्या २६ बायका. रस्त्याला लागून त्यांचं स्वतःचं दुकान आहे, गोव्याला जाणाऱ्या गाड्या थांबतात, दुकानात दोन मुली काउंटरला. बाकी माल मुंबईला आणि कोल्हापूरला जातो.

प्रश्न साधा वाटतो. ज्या कंपनीत आपण काम करतो तिचा माल आपण पैसे देऊन घ्यायचा की फुकट मिळावा? मोठ्या शहरात ऑफिसवाल्यांना हा प्रश्न पडला तर तो मोबाईल नाहीतर सॉफ्टवेअरचा असतो. आमच्याकडे तो काजूचा आहे, आणि काजू ही अशी वस्तू आहे की जी सोलते तिच्या घरी ती रोजच्या खाण्यातली नाही. वीस वर्षं सोलाईच्या टेबलावर बसलेली बाई अख्खा १८० नंबर विकत घेऊन मुलांना देत नाही, तिला परवडतच नाही.

नंबर म्हणजे काय ते सांगतो, पुढे लागेल. एका पाउंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये, किती गर बसतात त्यावरून नंबर. १८० म्हणजे सगळ्यात टपोरा, मग २१०, २४०, ३२० असं खाली. गर उभा फुटला की पाकळी, अजून फुटला की तुकडा. एकच गर, पण सुरी जरा जास्त लागली की अख्ख्याची पाकळी होते आणि आमच्या काउंटरला ९०० चा माल ७५० चा होतो. म्हणजे फॅक्टरीचा नफा खरं तर सोलणारीच्या अंगठ्यात असतो. मशीनं आली, तरी उरलेली साल हातानेच काढावी लागते. कटिंगवाल्यांचे हात टरफलाच्या तेलाने काळे पडतात, कातडी सोलवटते, ते तेल सोलाईच्या टेबलापर्यंत येत नाही एवढंच बरं.

तर पहिला काळ अण्णांचा, म्हणजे थोरल्या मालकांचा. दर शनिवारी पगार वाटला की प्रत्येकाच्या हातात कागदाच्या पुडीत पाव किलो तुकडा. चवथीला वेगळं पाकीट, पाकळीचं. कुठेही नोंद नाही. मी एकदा विचारलं, अण्णा हे वहीत कुठे दाखवू, तर म्हणाले की माझे वडील रापणीला जायचे, दोराला हात लावणाऱ्याला वाटा मिळतो, तो काय वहीत लिहितात का. रापण ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी, किनाऱ्यावरून मोठं जाळं दोन्ही टोकांनी माणसं ओढतात, मासळी आली की ओढणाऱ्यांचे वाटे पडतात. अण्णांच्या डोक्यात फॅक्टरीही रापणच होती. आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

पण त्याचा हिशेब कधी कोणी केलेला नव्हता तो मी केला, तेव्हा अण्णांचा मुलगा कारभार बघायला लागला होता आणि नवीन बॉयलर, ड्रायरसाठी कर्ज काढलं होतं. केंद्राची सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांची ती २०२० मधली योजना, ३५ टक्के सबसिडी, जास्तीत जास्त १० लाख, त्यातून. सबसिडी म्हटलं तरी बाकीचं कर्जच, हप्ता दर महिन्याला जातोच. ३४ माणसं गुणिले पाव किलो म्हणजे आठवड्याला साडेआठ किलो. ७०० रुपये भावाने ५,९५०. वर्षाचे ४८ आठवडे धरले तर २ लाख ८५ हजार ६००. मुलगा, त्याला सगळे भाई म्हणतात, तो हा आकडा बघून गप्प बसला. त्याच्या जागी कोणीही गप्प बसला असता. तो कंजूष नाही, हे मी मुद्दाम सांगतो कारण पुढचं वाचून लोकांचा तसा समज होईल.

त्यात एप्रिलचा लॉट आला. ४,००० किलो बी घेतली, जास्त करून वेंगुर्ला ४ आणि वेंगुर्ला ७, ह्या इथल्याच संशोधन केंद्रातून निघालेल्या जाती, ७ ची बी तर चांगली दहा ग्रॅमच्या आसपास भरते. आमचा नेहमीचा उतारा, म्हणजे बीतून निघणारा गर, २७ टक्के. म्हणजे १,०८० किलो गर यायला पाहिजे. आला १,०४१. एकोणचाळीस किलो कमी. भाईने माझ्याकडे बघितलं, मी शीटकडे बघितलं, आणि दोघांच्याही मनात एकच आलं. आत बसलेल्या बायकांच्या पिशव्या.

त्या आठवड्यात मी कागद टाईप केला. यापुढे कोणालाही माल फुकट मिळणार नाही. ज्याला पाहिजे त्याने दुकानातून १० टक्के सवलतीत घ्यायचा, पैसे पगारातून कापले जातील. जाताना गेटवर पिशवी आणि डबा दाखवायचा. उत्पादन विभागात काहीही खाण्यास मनाई. हे शेवटचं बरोबरच होतं, अन्नसुरक्षेच्या नियमात जिथे माल हाताळतात तिथे खायला बंदीच आहे, पण बाकीच्या तीन वाक्यांच्या बाजूला ते लिहिल्यामुळे तेही शिक्षेसारखंच वाचलं गेलं.

कागद नोटीस बोर्डावर लावला त्या दिवशी मी तिथेच होतो. सोलाईत सगळ्यात जुनी जी काकी आहे ती वाचता येत नाही म्हणून दुसरीकडून वाचून घेत होती. ऐकून झाल्यावर मला म्हणाली, "सायबानू, आमी सोलतंव आणि आमीच इकत घेवचा? रापणीक हात लावलो तर मासे गावतत, हंय बिल गावता." मी काहीतरी उत्तर दिलं, कंपनी पॉलिसी वगैरे. तिने मान डोलावली आणि टेबलावर जाऊन बसली. शनिवारी पुडी नव्हती. पगाराची पाकिटं घेऊन बायका गेटवर रांगेत उभ्या, वॉचमन प्रत्येकीचा जेवणाचा डबा उघडून बघतोय, डब्यात भाताची शितं आणि सुक्याच्या चटणीचा वास, आणि कोणी कोणाशी बोलत नाहीये. वॉचमन त्यांच्याच वाडीतला. तोही खाली बघूनच डबे बंद करत होता.

आता काय झालं ते क्रमाने.

स्टाफला विक्री पहिल्या महिन्यात ३ किलो, दुसऱ्यात शून्य, तिसऱ्यात शून्य. दहा टक्के सवलतीचा ८१० चा काजू कोण घेणार, शेजारच्या वाडीत दुसऱ्या युनिटमधून सुटा तुकडा ६०० ला मिळतो. चवथीला ह्या फॅक्टरीतल्या बायकांनी नेवऱ्यांत, म्हणजे करंज्यांत, दुसऱ्याच्या फॅक्टरीचा काजू घातला. हे मला दुकानातल्या मुलीने सांगितलं, सांगताना तिलाच कसंतरी वाटत होतं.

दोन बायका सोडून गेल्या. भांडण नाही, तंटा नाही, नोटीस नाही, त्या दुसऱ्या युनिटला लागल्या. दोघीही चांगल्या सोलणाऱ्या, दिवसाला नऊ नऊ किलो. त्यांच्या जागी आलेल्या नवीन पोरींच्या हातून फूट जास्त, शंभरात दहा गर जास्तीचे फुटायला लागले. हिशेब करा, रोजचे १८ किलो, त्यातले १.८ किलो अख्ख्याची पाकळी, किलोमागे १५० तोटा, म्हणजे दिवसाला २७०, महिन्याच्या २५ दिवसांचे ६,७५०. सहा महिन्यांत ४०,५०० फक्त दोन माणसं गेल्याचे. सोलाईला हात मिळत नाहीत, हे काजूवाल्या कोणालाही विचारा. पोरी गोव्याला जातात, हॉटेलात, तिथे पगार जास्त.

तिसरी गोष्ट मला जास्त लागली. मे महिन्यात मी दुकानात बसलो होतो, कोल्हापूरकडचं एक कुटुंब आलं, बाईंनी विचारलं की मसाला काजूचे हे तीन प्रकार आहेत त्यातला कमी तिखट कुठला, म्हातारे सासरे आहेत. काउंटरवरच्या मुलीने पाकीट उलटं करून घटक वाचायला सुरुवात केली. तिने तो काजू कधी खाल्लेलाच नव्हता. तिचा पगारच एवढा की ती २०० ग्रॅमचं पाकीट चव बघायला विकत घेणार नाही, आणि आम्ही तिला फुकट देणं बंद केलेलं. ती बाई साधा खारा घेऊन गेली. एका पाकिटाची गोष्ट नाही ही, विकणाऱ्याला चव माहीत असणं हा त्याच्या कामाचा भाग आहे, आणि कामाचं सामान कामगाराने स्वतःच्या पैशाने आणायचं हे मला कुठल्याच धंद्यात पटत नाही. सुताराला आपण रंधा आण म्हणतो पण लाकूड आण म्हणत नाही.

आणि चौथी, पगारातून कापणं. हे मी अकाऊंटवाला असून आधी नीट बघायला पाहिजे होतं, ते बघितलं नाही ही सरळ माझी चूक. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यापासून तत्त्व असं आहे की पगारातून कपात फक्त कायद्यात दिलेल्या कारणांसाठीच करता येते, मालकाच्या मनाला येईल त्या कारणासाठी नाही, आणि मालाच्या तुटीसाठी कापायचं तर तो माल त्या माणसाच्या खास ताब्यात दिलेला असला पाहिजे, त्याच्या निष्काळजीपणामुळे गेलेला असला पाहिजे आणि त्याला म्हणणं मांडायची संधी दिलेली पाहिजे. २०१९ च्या वेतन संहितेतही तेच. हा कायदा असा का आहे ते समजून घ्यायचं असेल तर विलायतेत १८३१ साली मजुरी मालाच्या रूपात देण्यावर बंदी घालणारा कायदा का करावा लागला ते बघावं, कारखानदार पगाराऐवजी स्वतःच्याच दुकानातला माल गळ्यात मारायचे, भावही त्यांचाच. आपला माल आपल्याच कामगाराला विकून पैसे पगारातून वळते करणं हे कितीही चांगल्या मनाने केलं तरी त्याच वाटेवरचं पहिलं पाऊल आहे, आज कोण्या बाईने स्वतःहून मागितलं म्हणून कापलं, उद्या शेल्फवर राहिलेला माल स्टाफच्या नावावर पडतो. पहिल्या महिन्याच्या त्या ३ किलोचे कापलेले पैसे आम्ही नंतर सगळ्यांना परत दिले.

आता त्या ३९ किलोचं काय झालं. ऑगस्टमध्ये मी गोडाऊनचा हमाल जी खिशात वही ठेवतो ती सहज चाळत होतो. बी आली की ती खळ्यावर दोन-तीन दिवस उन्हात वाळवतात, मग पोती भरतात, आणि हा माणूस भरलेल्या पोत्यांचं वजन स्वतःसाठी लिहून ठेवतो, कारण त्याची मजुरी पोत्यावर आहे. कॉम्प्युटरमध्ये फक्त खरेदीचं वजन. वाळवल्यावर थोडी घट येतेच, ती धरूनच आमचा २७ टक्क्यांचा हिशेब, पण त्या लॉटची घट नेहमीपेक्षा १४० किलो जास्त होती. एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस झाला होता, भिजलेली बी शेतकऱ्यांनी तशीच आणली, आपण पाणी विकत घेतलं. १४० किलोचे २७ टक्के काढा, ३८ येतात. ३९ मधले ३८.

मी ती वही घेऊन भाईच्या केबिनमध्ये गेलो. त्याने दोनदा बेरीज केली. मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसला, बाहेर गेटवर सुट्टी झालेली आणि वॉचमन डबे तपासतोय. दुसऱ्या दिवशी ती तपासणी बंद झाली. माफी कोणी मागितली नाही, मागायला पाहिजे होती असं माझं मत आहे आणि मी ते त्याला सांगितलंही.

पण म्हणजे अण्णांची पद्धत बरोबर होती का? इथे मला थांबायला लागतं, कारण त्याच सुमारास मला एक जुनी गोष्ट कळली. काकीशी बोलताना विषय निघाला की दोन वर्षांपूर्वी अण्णांनी चवथीला जी पाकिटं दिली होती त्यातला काजू सादळलेला होता. नरम, चावला की दाताला चिकटणारा. सगळ्यांकडे तसाच. बायकांनी तव्यावर परतून वापरला. मी विचारलं की कोणी सांगितलं का नाही, तर म्हणाली, "फुकट दिलेल्याक नावा कशी ठेवतलंव?" धर्माची गाय आणि दात का गं नाय, ही म्हण आपल्याकडे उगाच नाही आलेली. आणि मी घरी येऊन जुनी फाईल काढली तर त्याच महिन्यात त्याच बॅचचा माल मुंबईच्या एका दुकानदाराने परत पाठवलेला होता, कारण नरम पडला. म्हणजे तीसेक घरांना आधीच कळलेलं होतं, फॅक्टरीपासून एक किलोमीटरच्या आत, आणि ते फॅक्टरीला कळायला मुंबईहून पार्सल परत यावं लागलं.

ह्या गोष्टीने माझं मत बदललं. तोपर्यंत मी फुकट विरुद्ध पैसे असाच विचार करत होतो. फुकट दिलं की घेणारा उपकाराखाली येतो आणि तोंड मिटतो. पूर्ण पैसे लावले की तो घेतच नाही, म्हणजे तेव्हाही तोंड बंदच. दोन्हीकडे फॅक्टरीची जीभ जाते. जी माणसं मालाला सगळ्यात जवळून ओळखतात तीच माणसं मालाबद्दल काही बोलत नाहीत. मला असं वाटायला लागलं की कामगाराने आपल्या कंपनीचा माल असा घ्यावा की त्याला तो परवडेल पण त्यावर बोलायचा हक्कही राहील, आणि हा हक्क बिलामुळे येतो. थोडे का होईना पैसे दिलेला माणूस पाकीट घेऊन परत येतो.

कसं करायचं ते मात्र मला सुचलेलं नाही, ते सोलाईतल्या एका मावशीच्या जावयामुळे सुचलं, तो रेल्वेत आहे. रेल्वेच्या माणसाला वर्षाला ठराविक पास फुकट मिळतात, आणि त्यापलीकडे पीटीओ म्हणून असतो, त्यावर तिकिटाच्या एक तृतीयांश पैशात जाता येतं. दोन्ही वेगळं. पास हा नोकरीचा वाटा, पीटीओ ही खरेदी. मला हे फार शहाणपणाचं वाटलं, वाटा आणि खरेदी एकमेकांत मिसळायची नाही. अण्णांनी सगळा वाटा केला होता, आम्ही सगळी खरेदी केली.

डिसेंबरमध्ये मिटिंग घेतली, बायका, ड्रायव्हर, दुकानातल्या मुली, अण्णाही आले. मी नवीन हिशेब मांडत होतो तेवढ्यात मागून एकीने विचारलं, "शेटांच्या घराक जाता त्याचा बिल फाडतत काय?"

शांतता. कारण फाडत नव्हते. मे महिन्यात मुंबईचे पाहुणे आले की २४० नंबरचा डबा सरळ घरी जायचा, लग्नकार्याला अजून. मी मागच्या मे महिन्याचा अंदाज काढला होता तो २२ किलो होता आणि तो मी मिटिंगमध्ये सांगणार नव्हतो. अण्णांनीच सांगितला. म्हणाले, घरचं पण बिल होईल, पूर्ण भावाने, सवलत नाही. मला वाटतं ती मिटिंग तिथेच झाली, बाकीचे नियम नुसते लिहायचे होते. हिशेबाच्या दृष्टीनेही तेच बरोबर, घरी खाल्लेल्या मालावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, ठेवता येत नाही, इतकी वर्षं ते तसंच चाललेलं.

ठरलं ते असं. शनिवारी चार वाजता चहाच्या वेळेला, हॉलच्या बाहेर पडवीत एक टेबल, त्या आठवड्यात पॅक झालेल्या प्रत्येक बॅचमधलं एक एक पाकीट शेल्फवरून उचलून तिथे फोडायचं आणि सगळ्यांनी खायचं, ज्याला जे वाटेल ते बोलायचं, दुकानातली मुलगी वहीत लिहिते. हे काम आहे, ह्याचे पैसे कंपनीचे. चवथीला प्रत्येकाला १ किलो आणि दिवाळीला अर्धा, हा वाटा, पण तोही गिऱ्हाइकाला जातो त्याच पॅकमध्ये, वेगळा बाजूला काढलेला माल नाही. ह्या वर ज्याला पाहिजे त्याने महिन्याला २ किलोपर्यंत खर्चाच्या भावात घ्यायचा, काउंटरवर, रोख किंवा मोबाईलवरून, पक्क्या बिलावर. पगाराला हात नाही. आणि माल खराब निघाला तर गिऱ्हाइकासारखाच बदलून किंवा पैसे परत.

खर्चाचा भाव कसा काढला ते सांगतो कारण बरेच मालक इथे हात आखडतात किंवा अंदाजे आकडा ठोकतात. बी १३० रुपयांनी, २७ टक्के उतारा, म्हणजे एक किलो गराला नुसती बी ४८१ रुपयांची लागते. मजुरी, लाकूड, वीज, पॅकिंग मिळून आमच्याकडे ११० च्या आसपास. म्हणजे ५९०. जीएसटीच्या कायद्यात मालक आणि कामगार हे संबंधित व्यक्ती धरले जातात, त्यामुळे सवलतीत विकलं तरी कर मी बाजारभावावर लावतो, ९०० चे ५ टक्के ४५. एकूण ६३५. तुकड्याला हा हिशेब चालत नाही, तो आधीच स्वस्त, तिथे होलसेलचा भाव धरला. फुकट वाटा देताना एका कामगाराला आर्थिक वर्षात ५०,००० रुपयांपर्यंतची भेट करासाठी विक्रीसारखी धरली जात नाही, आपण त्याच्या जवळपासही जात नाही, पण तेवढ्या मालाचं क्रेडिट मात्र सोडावं लागतं. शेतकऱ्याकडच्या बीवरचा कर आपणच रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने, भरतो आणि क्रेडिट घेतो, त्यातला तेवढा भाग परत. थोडा हिशेब वाढतो, करायचा.

कंपनीला वर्षाचा खर्च किती? वाटा ५१ किलो, ३०,०९० रुपये. शनिवारचं टेबल आठवड्याला अर्धा किलो, वर्षाचे २४ किलो, १४,१६०. एकूण ४४,२५०. अण्णांच्या २ लाख ८५ हजारांच्या पुढे हे भाईला झेपणारं होतं, आणि दोन बायका गेल्याचा सहा महिन्यांचा फटकाच ४०,५०० चा होता हे त्याने स्वतः बोलून दाखवलं.

सगळं गोड झालं असं नाही. पाव किलोची पुडी गेली ती गेलीच, काही घरांत शनिवारी पोरं वाट बघायची, त्या बायकांना हा नियम कमीच वाटतो आणि त्यांचं चुकत नाही. माझं म्हणणं होतं की सोलाईचा दर किलोमागे थोडा वाढवून ती पुडी पगारात आणावी, भाई अजून हो म्हणालेला नाही, मी दर महिन्याला विषय काढतो. एक ड्रायव्हर महिन्याचे २ किलो घेऊन सावंतवाडीला एका हॉटेलवाल्याला विकतो असं कळलं, त्यावर काय करायचं ह्यावर दोन मतं आहेत, मी म्हणतो बिल फाडून घेतलेला माल त्याचा आहे, भाई म्हणतो सवलत घरी खाण्यासाठी आहे, आणि ह्यात मला भाईचंही पटतं. गेलेल्या दोघींपैकी एक परत आली, दुसरी नाही आली.

शनिवारच्या टेबलावर पहिले दोन महिने कोणी काही बोलायचं नाही. बरा आसा, बरा आसा, एवढंच. तिसऱ्या महिन्यात कोणीतरी मिरीवाल्या काजूत मीठ जास्त आहे म्हणालं, मग बाकीच्या बोलायला लागल्या, मीठ कमी केलं. दुकानातली मुलगी आता कमी तिखट कुठला ते न बघता सांगते.

आणि ह्या चवथीच्या आधी, पाऊस धो धो, मंगळवारी काकी काउंटरवर आली. पिशवीतून पाकीट काढलं, त्याच्याबरोबर घडी केलेलं बिल, ओलं होऊ नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये. तीनशे वीस नंबर, अर्धा किलो, शनिवारी घेतलेलं. म्हणाली सादळलाय. मी एक गर तोंडात टाकला, नरम. पाकीट हातात घेऊन दाबलं तर वरच्या सीलच्या कोपऱ्यातून हवा सुटत होती, बारीक, गालाजवळ धरल्यावर कळेल एवढी. भाई पॅकिंगला गेला, सीलिंग मशीनची पट्टी एका टोकाला जळलेली, तेवढाच दोन बोटं भाग चिकटत नव्हता, डोळ्याला सील पूर्ण दिसायचं. शेल्फवरची सगळी पाकिटं खाली काढून एक एक दाबली, ६० निघाली. मुंबईचा माल गुरुवारी जायचा होता, अजून गोडाऊनलाच होता, तोही थांबवला.

मुलीने काकीला पैसे परत द्यायला गल्ला उघडला. काकी म्हणाली, "पैशे नको, दुसरा पाकीट दी. पन आधी माका दाबून बघूक होया." मग तिने काउंटरवर चार पाकिटं ओळीत मांडून घेतली आणि एक एक उचलून गालाजवळ धरून दाबायला लागली, मागे गोव्याच्या गाडीतले दोघे बिलासाठी उभे होते, ते थांबले.